माळावरचं गोल्फ मैदान, कमी पाण्यात: नोव्हेंबर 2023 ते नोव्हेंबर 2024

पुण्याबाहेरचं नऊ होलांचं मैदान, साठ एकर. क्लबचं नाव देत नाही. मी इथं मैदानाची देखभाल बघतो. बीएस्सी ॲग्री, घर नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात. असंच काम दुसरीकडं कुणी काढलं तर आमच्या चुका त्यांच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून वहीतल्या नोंदी देतोय, नंतर कळलेलं त्या त्या तारखेखाली जोडून.

6 नोव्हेंबर 2023

सरकारनं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केलाय. आमच्या विहिरीनं दिवाळीआधीच तळ दाखवला. 2016 च्या दुष्काळात हायकोर्टानं आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले होते, ते कमिटीच्या अजून लक्षात आहे. आपलं हिरवं मैदान कुणाच्या डोळ्यांवर यायच्या आत काहीतरी करा, असा निरोप आला. पर्यावरणावर प्रेम म्हणून काम सुरू झालं असं मी सांगणार नाही.

आज पहिल्यांदा विचारलं, रोज पाणी किती लागतं? कुणालाच सांगता येईना. मीटरच नाही. पंप किती तास चालतो त्यावरून हिशेब केला, तर चौतीस एकर भिजवायला रोज साधारण 5 लाख 20 हजार लिटर जातंय. एकरभर जागेवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर, एवढं एक गणित पाठ असलं की बाकीचं जुळतं. दोन मीटर मागवले, 38 हजार रुपये. ही खरेदी सगळ्यात आधी करायची. आम्ही दोन आठवडे चर्चेत घालवले आणि मग केली, त्यामुळे आमचा सुरुवातीचा आकडा कायमचा अंदाजाचाच राहिला.

14 नोव्हेंबर

स्प्रिंकलरची चाचणी. 3 नंबर होलच्या फेअरवेवर, म्हणजे होलकडं जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यावर, वीस कप मांडले, पंचवीस मिनिटं पाणी सोडलं आणि पट्टीनं उंची मोजली. आकडे भलतेच आले. रात्री जेवताना ट्यूब पेटली: चहाचे कागदी कप खाली निमुळते असतात, त्यात पट्टी घालून काय उपयोग. दिवस वाया.

दुसऱ्या दिवशी तेच कप, पण पाणी सिरिंजनं मोजलं. कपाच्या तोंडाचा व्यास 7 सेंटिमीटर, म्हणजे 3.85 मिलिलिटर पाणी भरलं की 1 मिलिमीटर पाऊस. सरासरी 5.1 मिलिमीटर आली, पण सगळ्यात कोरड्या पाच कपांची सरासरी 2.4. दोन्हींचा भागाकार 47 टक्के; सगळीकडं सारखं पाणी पडलं असतं तर 100 आला असता. सरळ भाषेत सांगायचं तर कोरडे कोपरे हिरवे राहावेत म्हणून उरलेल्या फेअरवेवर आम्ही दुप्पट पाणी ओतत होतो. आमचे मुकादम मामा तीस वर्षं इथं आहेत. कप बघून म्हणाले, "हे मला विचारलं असतं तर मी तसंच सांगितलं असतं. तिकडं बूट भिजतात, इकडं भिजत नाहीत." विचारलं नव्हतं, हे खरं.

2 डिसेंबर

स्प्रिंकलरचे एकूण 212 हेड. एकेक उघडून पाहिले. 61 तिरके झालेले किंवा मातीत खचलेले, 38 चे नोझल झिजलेले, 9 गळके. खचलेल्या हेडचा फवारा आजूबाजूच्या गवतावरच आपटतो, पुढं जातच नाही. गवत कापणारं मशीन वर्षानुवर्षं कडेवरून फिरतं, माती दबते, हेड खाली जातं. उपाय काय, तर खुरपं, दोन बादल्या मुरूम आणि लेव्हल बॉटल.

मधे एक गोंधळ झाला. नोझल आणायला माणूस पाठवला, त्यानं दुकानात जे होतं ते आणलं, तीन वेगवेगळ्या मापांचं. आम्हीही न बघता बसवलं. परत कप मांडले तर 52 टक्के. सगळी नोझल काढून एका ओळीत एकच माप घातलं. आठ दिवस गेले. आता 74 टक्के आहे. सुट्या भागांचे 64 हजार, मजुरी घरचीच. पाणी सोडायची वेळ पंचवीस मिनिटांवरून सतरावर आणली. मीटरवर रोजचे 3 लाख 60 हजार लिटर.

सेन्सर विकणारे दोघे येऊन गेले. एकाचं कोटेशन साडेनऊ लाखांचं होतं. वाकडा हेड वाकडा आहे हे सेन्सर सांगत नाही.

9 जानेवारी 2024

आज नकाशावर लाल पेन फिरवला. प्रश्न एवढाच होता: चौतीस एकरांपैकी किती जागेवर खरोखर चेंडू पडतो? मी लॅपटॉप उघडून बसलो होतो, पण उत्तर कॅडींनी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांनी, दिलं. चार कॅडींच्या हातात फक्कीचे डबे दिले आणि आठवडाभर चेंडू थांबला तिथं टिपका मारायला सांगितलं. रविवारपर्यंत चित्र जमिनीवरच उमटलं. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, तिथून पुढचे शंभर-सव्वाशे यार्ड जवळपास कोरे. फेअरवेच्या दोन्ही कडाही कोऱ्या. 6 नंबरचा सगळा डावा उतार कोरा, आणि तिथं आम्ही रोज अर्धा तास पाणी देत होतो.

अकरा एकरांचे व्हॉल्व्ह बंद केले. खर्च शून्य, फक्कीचे तेवढे तीनशे रुपये. जानेवारीअखेर मीटरवर 2 लाख 40 हजार. एवढी मोठी बचत पुढं वर्षभरात कशानंच झाली नाही.

3 फेब्रुवारी

शेजारच्या सोसायटीच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्राचं, पाणी आलं. रोज 1 लाख 20 हजार लिटर, फुकट. फुकट म्हणजे आणायचा खर्च आमचा: सहाशे मीटर पाइप, पंप आणि वाळूचा फिल्टर मिळून 3 लाख 40 हजार. रस्ता खोदायच्या परवानगीला सात आठवडे लागले, खोदायला दीड दिवस.

वास येतो का, असं प्रत्येक मेंबरनं विचारलं. येत नाही. आला तर एसटीपी नीट चालत नाही असं समजायचं आणि त्या दिवशीचं पाणी घ्यायचं नाही. पाणी रात्री दहानंतरच सोडतो, लाइनवरच्या माणसांना गमबूट आणि हातमोजे दिलेत, आणि मैदानावरचे पिण्याच्या पाण्याचे जुने नळ पूर्ण वेगळ्या लाइनवर घेतले. ही शेवटची गोष्ट मात्र आधी सुचायला हवी होती. चार दिवस दोन्ही लाइन एका ठिकाणी जोडलेल्या होत्या, मधे फक्त एक व्हॉल्व्ह. काही झालं नाही हे नशीब.

27 फेब्रुवारी

ग्रीन, म्हणजे होलभोवतीचे बारीक कापलेल्या गवताचे तुकडे, बिघडले. गवत गडद हिरवं, लुसलुशीत, दाट, आणि चेंडू जागेवर रुतल्यासारखा थांबतो. 2 आणि 8 नंबरवर शेवाळाचा थर आलाय. मेंबर म्हणतात गालिचा झाला. गालिचावर पटिंग, म्हणजे चेंडू घरंगळवत होलात घालणं, होत नाही.

चूक माझी. एसटीपीच्या पाण्यात नायट्रोजन असतो हे शिकलेलो आहे, पण खताचं वेळापत्रक बदललंच नाही. सोसायटीचा रिपोर्ट काढून पाहिला: लिटरमागं 25 मिलिग्रॅम. रोज 4 मिलिमीटर पाणी दिलं तर महिन्याला एकरी बारा किलो नायट्रोजन होतो, म्हणजे सव्वीस किलो युरिया. पोत्याच्या निम्म्याहून जास्त खत पाण्यातूनच जात होतं, आणि वर आम्ही नेहमीचा डोसही टाकत होतो.

आता ग्रीनना फक्त विहिरीचं पाणी, एसटीपीचं पाणी फेअरवेला. फेअरवेचा युरिया बंद. शेवाळ खरवडून वाळू पसरली, ग्रीनना भोकं पाडून हवा दिली. पूर्ववत व्हायला पाच आठवडे. युरियाची तीस पोती वर्षाकाठी वाचतील, पण ते गणित फेब्रुवारीच्या एक तारखेलाच करायला हवं होतं. उन्हाळ्याआधी मातीही तपासून घेतली. सखल जागांत सोडियम वाढायला लागलाय, तिथं जिप्सम टाकायचं ठरलं.

19 मार्च

5 नंबरच्या टीजवळ खडीत टिटवीची चार अंडी. मशीन चालवणाऱ्या पोराच्या डोक्यावर टिटवीनं असा काही हल्ला केला की तो मशीन सोडून पळाला, त्यामुळे सापडली. भोवती निळ्या खुंट्या ठोकल्या आणि तिथं चेंडू गेला तर दंडाशिवाय बाहेर ठेवायचा असं कॅप्टनसाहेबांनी फळ्यावर लिहून दिलं. खुरपणीच्या मावश्यांचं मत: अंडी उंचवट्यावर आहेत, यंदा पाऊस चांगला. टी उंचवट्यावरच असते असं मी म्हटलं. "मग मागच्या वर्षी बंकरमधे का घातली होती?" बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, त्यामुळे यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

22 एप्रिल

हा महिना तक्रारींचा. पाणी तोडलेली अकरा एकर पार पिवळी पडलीत, आणि फेअरवेवरही हिरव्यात तांबूस झाक आहे. तक्रारवहीत एकाच रविवारी चौदा नोंदी. एक गृहस्थ म्हणाले, "सबस्क्रिप्शन हिरवळीचं भरतो, माळरानाचं नाही."

त्यांना सांगायला हवं होतं की हे माळरानच आहे. चार-पाच महिने पाऊस आणि बाकी वर्ष वाळलेलं सोनेरी गवत, हीच इथल्या जमिनीची रीत. हरळी मरत नाही, झोपते. कुदळीनं खोदून पांढरी जिवंत मुळं दाखवली, तरी कुणाला पटलं नाही.

पटवलं ते एका निवृत्त कर्नलसाहेबांनी. त्यांनी 1 नंबरवर चेंडू मारला, तो कडक जमिनीवर पडला आणि घरंगळत नेहमीपेक्षा वीस-पंचवीस यार्ड पुढं गेला. त्यांचं वय सत्तरीपुढचं. संध्याकाळी बारमधे त्यांनी हे सगळ्यांना तीन वेळा सांगितलं. स्कॉटलंडमधे सेंट अँड्र्यूजच्या फेअरवेही कोरड्या उन्हाळ्यात अशाच पिवळट-तपकिरी होतात, हे मी नोटीस बोर्डावर दोन आठवडे लावून ठेवलं होतं, ते कुणी वाचलं नव्हतं. पुढच्या रविवारी तक्रारी तीन.

मीटर: 4 लाख लिटर. गेल्या एप्रिलचा पंपाच्या तासांवरून काढलेला अंदाज 8 लाखांचा होता.

20 मे

गोदाम साफ करताना मागच्या कोपऱ्यात फोरेट या कीटकनाशकाची तीन पोती निघाली. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. आमच्याकडं हुमणीसाठी, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीसाठी, पूर्वी तेच टाकायचे. कुणीतरी खड्डा करून पुरा म्हणालं. अजिबात नाही, खाली विहीर आहे. रांजणगावच्या घातक कचरा केंद्राकडं पाठवायचं ठरलं. कागदपत्रं आणि गाडी मिळून पोत्यांच्या मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे गेले.

मग हुमणीचं करायचं काय? गेल्या सप्टेंबरात अळ्यांनी 7 आणि 9 नंबरची मुळं खाल्ली, गवत सतरंजीसारखं गुंडाळता येत होतं. अळ्यांच्या वासानं रानडुकरं आली आणि त्यांनी एका रात्रीत दीड गुंठा नांगरला.

मामा कुळानं ऊसवाले. ते म्हणाले, पहिला वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे बाहेर येणार, तेव्हाच धरायचे.

24 मे

काल सायंकाळी वळीव झाला. प्रकाश सापळे लावले: बल्ब, खाली टपात पाणी आणि थोडं रॉकेल. उत्साहात मी सापळे मैदानाच्या मधोमध लावले. मामा सुटीवर होते. सकाळी टपात भुंगेरे होते, पण त्याहून जास्त आजूबाजूच्या हिरवळीत घुसलेले. उजेड बघून दुरून आले आणि टपापर्यंत पोचायच्या आत माझ्याच फेअरवेवर उतरले. शिवाय रात्रभर बल्ब चालू राहिल्यानं टपात पतंग, चतुर, नाना प्रकारचे किडे मरून पडलेले. हे काम पर्यावरणाचं म्हणायचं का, असा प्रश्न मला पडला.

मामा आल्यावर बदललं. सापळे कुंपणाला, कडुलिंब आणि बाभळीजवळ. वेळ साडेसात ते नऊ, मग बंद. मुख्य काम सापळ्याचं नाहीच. भुंगेरे जमिनीतून निघून पाला खायला याच झाडांवर बसतात. खाली ताडपत्री अंथरायची, आकडीनं फांदी हलवायची आणि पडलेले गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. सहा माणसं, पाच संध्याकाळी, अडीच घमेली. कडुलिंबाची चार झाडं "पानं खाऊन खराब करतात" म्हणून गेल्या वर्षी तोडायला निघालो होतो. झाडं तोडली असती तर भुंगेरे धरायचे कुठं?

12 जून

पाऊस वेळेवर. 7 आणि 9 नंबरला मेटारायझियम दिलं, शेणखतात मिसळून, संध्याकाळी, ओल्या जमिनीत. उसाच्या हुमणीवर शेतकरी वापरतात तीच बुरशी. ती अळीला रोग लावते, काम हळू करते. दोन दिवसांत फरक शोधू नये.

पाणी तोडलेल्या अकरापैकी चार एकरांत मारवेल गवताची ठोंबं लावली. उरलेल्या सात एकरांत काहीच नाही, जे येईल ते येऊ द्यायचं. कमिटीला तिथं वृक्षारोपण हवं होतं, दोनशे झाडं, फोटो, पाहुणे. मी विरोध केला. आमचा हा तुकडा मुळात गवताचा माळ आहे. इथं चंडोल आणि टिटव्या उघड्या गवतात घरटी करतात, गिरिपुष्पाच्या बनात नाही. वाद झाला. शेवटी कुंपणाकडेनं चाळीस झाडं, कडुलिंब, बाभूळ, हिवर, यावर मिटलं.

25 जुलै

पुण्यात आज पूर आला, ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या पर्जन्यमापकात सकाळपर्यंत 131 मिलिमीटर. आम्ही मे महिन्यात सगळे चर तळ्याकडं वळवले होते, पावसाचं पाणी साठावं म्हणून. पाणी आलं, आणि नव्या मारवेलच्या उघड्या मातीतून गाळ घेऊन आलं. तळ्याच्या सांडव्याचं तोंड बुजलं, पाणी 5 नंबरच्या बंकरमधून वाट काढत गेलं. चार ट्रॉल्या वाळू वाहून गेली. तळ्यात फूटभर गाळ.

चूक सरळ आहे. ठोंबं रुजायच्या आत उतारावर आडवं काहीच नव्हतं. आता दर पंधरा मीटरवर दगडांचा बुटका बांध आणि त्यापुढं वाळ्याची ओळ. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात, गवत बाजूला पसरत नाही, म्हणून मैदानात चालतो. गाळ काढणं, वाळू आणि दगड मिळून 1 लाख 85 हजार. हे बजेटमधे नव्हतं.

21 ऑगस्ट

7 नंबरचा ग्रीन गेला. जुलैअखेर रुपयाएवढे फिकट डाग दिसले होते, डॉलर स्पॉट हा गवताचा बुरशीचा रोग. यंदा बुरशीनाशक मारायचंच नाही असं मी ठरवलेलं. ट्रायकोडर्मा ही रोगाशी लढणारी बुरशी दिली, सकाळी बांबूनं दव झाडलं, भोवतालच्या फांद्या छाटल्या. आठ ग्रीन त्यावर तरले. 7 नंबर खोलगटात आहे, तीन बाजूंनी झाडं, वारा लागत नाही. पंधरा दिवस मी हट्टानं थांबलो आणि डाग एकमेकांत मिसळून निम्मं ग्रीन करपलं. शेवटी फवारलंच. पहिल्या आठ डागांवर मारलं असतं तर चार गुंठ्यांवर मारायची वेळ आली नसती.

आणखी एक गंमत. बुरशीनाशक मेटारायझियमलाही मारतं, तीही बुरशीच. ग्रीनच्या कडेनं फवारा वाऱ्यावर गेला तिथं सप्टेंबरात हुमणी दिसली, बाकी 7 नंबरवर नाही. एका चौरस फुटात दोन-तीन अळ्या, गेल्या वर्षी नऊ-दहा होत्या. डुकरं आली नाहीत.

14 ऑक्टोबर

मारवेल छातीएवढं झालं. चाऱ्याचं वाण आहे, वाढणारच. त्यात चेंडू गेला की गेला. शनिवारी एका ग्रुपनं 6 नंबरवर पस्तीस मिनिटं शोधाशोध केली, मागं चार ग्रुप खोळंबले. रिकाम्या सोडलेल्या सात एकरांत कुसळी आली. तिची कुसळं मोज्यातून आरपार जातात. लेडीज सेक्शनच्या अध्यक्षबाईंनी माझ्या टेबलावर त्यांचा मोजा आणून ठेवला. काही बोलल्या नाहीत.

तोडगा: फेअरवेला लागून पाच मीटरचा पट्टा महिन्यातून एकदा 8 सेंटिमीटरवर कापायचा, उंच गवत त्याच्या मागं. कुसळी फुलोऱ्यावर यायच्या आत कापायची, सप्टेंबरच्या मध्याला, यंदा महिनाभर उशीर झाला. मारवेल शेजारच्या गोठेवाल्याला दिलं. तो स्वतः कापून नेतो, बदल्यात शेणखत टाकतो. पैसे कुणीच कुणाला देत नाही.

17 नोव्हेंबर

वर्षाचा खर्च काढला. मीटर, हेड, पाइपलाइन, पुरानंतरची दुरुस्ती, सगळं मिळून सव्वासहा लाखांच्या थोडं वर. टँकरचं बिल गेल्या उन्हाळ्यात चार लाख वीस हजार होतं, यंदा शून्य. वीज आणि खत वेगळं. कमिटीनं विचारलं, पाइपलाइन घातली नसती तर चाललं असतं का? प्रामाणिकपणे सांगितलं की एप्रिल-मे अवघड गेले असते, पण जमलं असतं. हेड सरळ केले नसते आणि अकरा एकर तोडली नसती तर मात्र पाइपलाइन असूनही टँकर लागले असते. पाइपलाइनचं उद्घाटन झालं होतं, नारळ फोडून. हेडचं कुणी उद्घाटन करत नाही.

7 नंबरचं ग्रीन अजून दोन ठिकाणी उघडं आहे. वारा येण्यासाठी पूर्वेची तीन सुबाभळीची झाडं काढायची परवानगी मागितलीय. झाड तोडायचा अर्ज आणि वर कारण "पर्यावरण", त्यामुळे कारकून दोनदा परत वाचत होता.

काल परत कप मांडले. 3 नंबर 74 वरून 66 टक्क्यांवर आला. पावसाळ्यात मशीननं अकरा हेड पुन्हा दाबलेत. सोमवारी मामा आणि मी मुरूम घेऊन जाणार.